जीन ऑट्री: तारघरातून निघालेला गाणारा काउबॉय

माळरान

वेस्टर्न सिनेमा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना क्लिंट ईस्टवूड आठवतो. दाढीचे खुंट, तोंडात चिरूट, बोलणं मोजकं. त्याच्या तीस वर्षं आधी अमेरिकेतल्या लहान गावांच्या टॉकीजमध्ये ज्याच्या नावावर गर्दी व्हायची तो काउबॉय अगदी वेगळा होता. गुळगुळीत दाढी, पांढरी हॅट, नक्षीचा शर्ट, आणि पाठलाग संपला की हातात गिटार. जीन ऑट्री. त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

जन्म २९ सप्टेंबर १९०७, टेक्सासमधल्या टायोगा गावाजवळ. पूर्ण नाव ऑर्व्हन ग्रोव्हर ऑट्री. आजोबा धर्मोपदेशक, त्यांनी पाचेक वर्षांच्या नातवाला चर्चच्या गायनवृंदात उभं केलं. बाराव्या वर्षी सिअर्सच्या कॅटलॉगमधून टपालाने पहिली गिटार मागवली, किंमत आठ डॉलर. घर पुढे ओक्लाहोमात गेलं आणि पोरगा 'फ्रिस्को' रेल्वेत, म्हणजे सेंट लुइस-सॅन फ्रॅन्सिस्को लाइनवर, तारबाबू म्हणून लागला. रात्रपाळीत गिटार वाजवत बसायचा. ऑट्री स्वतः आयुष्यभर सांगत असे तो किस्सा असा: १९२७च्या उन्हाळ्यात चेल्सी गावच्या तारघरात एक गिऱ्हाईक आलं, त्याचं गाणं ऐकलं आणि रेडिओवर प्रयत्न कर म्हणालं. ते गिऱ्हाईक म्हणजे विल रॉजर्स, त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात लाडका विनोदकार.

पोरगा रेल्वेच्या पासवर न्यूयॉर्कला गेला. तिथे सांगण्यात आलं की गळा बरा आहे, पण अजून सराव हवा. परत येऊन टल्साच्या केव्हीओओ केंद्रावर 'ओक्लाहोमाचा यॉडल गाणारा काउबॉय' या नावाने गायला लागला (यॉडल म्हणजे गळा झटकन खालच्या-वरच्या पट्टीत पालटत गाणं). १९२९पासून रेकॉर्ड निघू लागल्या. ऑक्टोबर १९३१मध्ये रेल्वेतलाच सहकारी जिमी लाँग याच्यासोबत म्हाताऱ्या बापावरचं एक हळवं गाणं रेकॉर्ड केलं आणि ते तुफान खपलं. मंदीचा काळ होता, लोकांना एकेक डॉलर जड होता, तरी खपलं. पुढच्याच वर्षी लाँगच्या भाचीशी, आयना मे स्पायव्हीशी, लग्न झालं. शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवरच्या 'नॅशनल बार्न डान्स'मुळे तो खेड्यापाड्यांतल्या घरोघरी ऐकला जाऊ लागला.

सिनेमा त्यानंतर आला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पडद्यावर जो उतरला तो आधीच लोकांच्या ओळखीचा आवाज होता. त्याला पाहायला आलेला शेतकरी त्याला कधीपासून 'ऐकत' होता.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. ऑट्री नट म्हणून बेताचा होता. गायक म्हणून चांगला होता. पण आपलं नाव आणि आपला आवाज ही आपली मालमत्ता आहे, ती दुसऱ्याच्या खिशात राहता कामा नये, हे त्याच्याइतकं लवकर आणि त्याच्याइतकं ठामपणे त्या काळातल्या फार कमी कलाकारांना कळलं होतं. त्याची सगळी कारकीर्द या धाग्याला धरून वाचता येते. जाणकारांनी भर घालावी.

तारमास्तर

धागा आवडला. मी तारखात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे सुरुवातीच्या भागाबद्दल लिहितो.

रात्रपाळीचा तारबाबू बाहेरून रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. साउंडर, म्हणजे तार येताना टकटक करणारं यंत्र, गप्प असला तरी एक कान तिकडे ठेवावा लागतो. आपल्या स्टेशनची खूण वाजली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. गिटार वाजवताना हे जमवायचं म्हणजे ताल आणि साउंडरची टकटक दोन्ही एकाच वेळी ऐकायची. अमेरिकी रेल्वेत तर जबाबदारी मोठी. डिस्पॅचरकडून, म्हणजे गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्याकडून, आलेला गाडीचा हुकूम तारेवरून उतरवून घ्यायचा, आणि गाडी थांबणार नसेल तर तो कागद लांब दांड्याच्या कडीला अडकवून धावत्या इंजिनाजवळ उभं राहून वर धरायचा. ड्रायव्हर हात बाहेर काढून कडी ओढून घेतो. एकेरी मार्गावर एक शब्द चुकीचा उतरला तर दोन गाड्या समोरासमोर. हे काम केलेला माणूस कागदावर काय लिहिलंय ते दोनदा वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ऑट्रीच्या करारांबद्दल पुढे कोणी लिहिणार असेल तर ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आणि विल रॉजर्स तारघरात का आला असेल? तो वर्तमानपत्रांसाठी रोज छोटा मजकूर तारेने पाठवायचा. जिथे असेल तिथलं तारघर गाठणं त्याला भागच होतं.

सुरावट

गायकीबद्दल मी लिहिते.

ऑट्रीच्या १९२९-३०च्या रेकॉर्ड ऐकल्या तर तो सरळसरळ जिमी रॉजर्सची नक्कल करतोय हे कळतं. तोच ब्लूजचा बाज, तीच यॉडलची फिरकी. त्या वेळी जिमी रॉजर्स म्हणजे ग्रामीण संगीतातला सगळ्यात मोठा माणूस, त्याच्या चाली सगळेच उचलायचे. पण दोन-तीन वर्षांत ऑट्रीचा स्वतःचा गळा सापडतो. मधल्या पट्टीतला, अजिबात न ताणलेला, प्रत्येक शब्द सुटा. तो ओरडून गात नाही कारण त्याला गरजच नाही, समोर मायक्रोफोन आहे. बिंग क्रॉस्बीने शहरातल्या श्रोत्यांसाठी जे केलं तेच ऑट्रीने खेड्यातल्या श्रोत्यांसाठी केलं. माईकला जवळचा माणूस समजून गाणं.

काउबॉयचं सोंग कोणी सुचवलं हेही महत्त्वाचं आहे. त्याचा रेकॉर्डिंग निर्माता आर्ट सॅदर्ली हा जन्माने ब्रिस्टलचा इंग्रज. त्याने आणि रेडिओवाल्यांनी ऑट्रीला सांगितलं की डोंगराळ भागातली गाणी बाजूला ठेव, तू टेक्सासचा आहेस, काउबॉय हो. ऑट्रीला म्हणे आधी ते पटलं नव्हतं. गुरांमागे धावण्यातलं कष्टाचं जिणं त्याने जवळून पाहिलं होतं, त्यात गाण्यासारखं काय आहे असं त्याला वाटे.

एक वस्तू मात्र सांगितलीच पाहिजे. १९३३ साली मार्टिन कंपनीने त्याच्यासाठी एक गिटार बनवली. डी-४५ या मॉडेलची ती पहिली गिटार. कडेला सगळीकडे शिंपल्याची जडावाची पट्टी, आणि पट्ट्यावर, जिथे बोटं फिरतात तिथे, मोत्याच्या शिंपल्यात कोरलेलं त्याचं पूर्ण नाव. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात ते नाव चमकत असणार. आज डी-४५ हे नाव गिटारवाल्यांमध्ये किती आदराने घेतलं जातं ते वेगळं सांगायला नको. दुसरीकडे त्याच सुमारास सिअर्स त्याच्या नावाची स्वस्त गिटारही विकत होतं, आठ-दहा डॉलरवाली. ज्या कॅटलॉगमधून त्याने पहिली गिटार घेतली त्याच कॅटलॉगमध्ये.

माळरान

सुरावट, सुंदर. गिटारच्या पट्ट्यावरचं नाव हे माझ्या मुद्द्याला किती चपखल बसतं.

रीळ

आता सिनेमा.

१९३४ साली मॅस्कॉट नावाची छोटी कंपनी होती, मालक नॅट लिव्हाइन. तिने केन मेनार्डच्या एका वेस्टर्नमध्ये ऑट्रीला आणि त्याचा जोडीदार स्मायली बर्नेटला एका नाचगाण्याच्या प्रसंगात घेतलं. पडद्यावर काही मिनिटंच, पण प्रेक्षकांनी ती उचलून धरली. लगेच १९३५मध्ये बारा भागांची 'द फँटम एम्पायर' ही मालिका आली. आजच्या प्रेक्षकाला सांगून खरं वाटणार नाही असं कथानक: ऑट्री एका रँचवरून, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावरून, रेडिओचा कार्यक्रम करतो, आणि त्याच रँचखाली जमिनीत खोलवर म्युरेनिया नावाचं प्रगत राज्य आहे. तिथे राणी आहे, किरण सोडणारी यंत्रं आहेत, पत्र्याचे यंत्रमानव आहेत. आणि प्रत्येक संकटातून सुटून ऑट्रीला वेळेवर वर येऊन गाणं म्हणायचं असतं, नाहीतर रेडिओचा करार जाईल! मला हे कथानक मनापासून आवडतं. जीव वाचवण्याइतकंच प्रक्षेपणाची वेळ पाळणं महत्त्वाचं, हे त्या वर्षांतल्या अमेरिकेत रेडिओचं काय स्थान होतं ते सांगून जातं.

त्याच वर्षी मॅस्कॉट, मोनोग्राम आणि आणखी काही छोट्या कंपन्या एकत्र येऊन हर्बर्ट येट्सच्या हाताखाली रिपब्लिक पिक्चर्स झाली. 'टम्बलिंग टम्बलवीड्स' हा ऑट्रीचा नायक म्हणून पहिला पूर्ण चित्रपट. मग वर्षाला सहा-आठ या वेगाने चित्रपट निघत राहिले. तासाभराचा खेळ, थोड्या दिवसांत चित्रीकरण, हातात मावेल एवढं बजेट. पाच-सहा गाणी, एकदोन मारामाऱ्या, घोड्यावरचा पाठलाग, आणि बर्नेटचा विनोद. बर्नेटबद्दल थोडं. हा माणूस ढीगभर वाद्यं वाजवायचा, गाणी लिहायचा, आणि त्याने नुसता बेडकासारखा आवाज काढला तरी मुलं हसून लोळायची. ऑट्रीच्या यशातला त्याचा वाटा फार कमी सांगितला जातो.

आकडाच पाहायचा तर १९४० साली थिएटरमालकांच्या मतचाचणीत देशातल्या सगळ्या तारे-तारकांमध्ये ऑट्री चौथा होता. त्याच्या वर मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल. तिघंही एमजीएम या बड्या स्टुडिओचे, मोठ्या बजेटचे. ऑट्रीचे चित्रपट न्यूयॉर्कच्या झगमगत्या थिएटरात लागतही नसत.

अनुराधा_म

छान माहिती. एक प्रश्न. हे चित्रपट म्हणजे पुन्हा तेच ना, गोरा नायक आणि रेड इंडियनांना गोळ्या? त्या बाबतीत मन धजत नाही बघायला.

रीळ

अनुराधाताई, प्रश्न रास्त आहे. त्या काळातल्या वेस्टर्नमध्ये आदिवासी अमेरिकनांचं चित्रण वाईट होतं. ऑट्रीचे बरेचसे चित्रपट मात्र जुन्या काळात घडतच नाहीत. ते १९३०च्या दशकातच घडतात. घोडे आहेत तशा मोटारी आहेत, रेडिओ आहे, विमान आहे. खलनायक बहुतेक वेळा कोटातला गोरा माणूस: सावकारी करणारा बँकवाला, पाणी अडवणारा धरणवाला, जमिनी लाटणारा दलाल, लाच खाणारा पुढारी. १९३९च्या 'रोव्हिन टम्बलवीड्स'मध्ये तर पूरग्रस्तांसाठी ऑट्री काँग्रेसवर निवडून जातो आणि पूरनियंत्रणाच्या विधेयकासाठी वॉशिंग्टनमध्ये भांडतो. ओक्लाहोमा-टेक्सासची माती धुळीच्या वादळांत उडून जात होती, शेतं लिलावात निघत होती, तेव्हाचे हे चित्रपट. टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला पडद्यावरचा बँकवाला ओळखीचा होता.

ऑट्रीने मुलांसाठी काउबॉयचे दहा नियम जाहीर केले होते. त्यात आधी गोळी चालवू नये, दिलेला शब्द मोडू नये, मुलं-म्हातारे-जनावरं यांच्याशी मायेने वागावं, यांबरोबरच वंश किंवा धर्मावरून कुणाचा द्वेष करू नये हाही नियम होता. यामुळे सगळं माफ होतं असं मी म्हणत नाही. त्याच्याही चित्रपटांत आज खटकतील अशा जागा आहेत.

त्याच काळात हर्ब जेफ्रीज हा कृष्णवर्णीय गाणारा काउबॉयही होता हे आवर्जून सांगतो. १९३७पासून त्याचे काही चित्रपट आले, आणि कृष्णवर्णीयांना वेगळं बसायला लावणाऱ्या टॉकीजमधल्या मुलांनी पहिल्यांदा आपल्यासारखा नायक घोड्यावर पाहिला. त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

अनुराधा_म

धन्यवाद. मग बघेन. जेफ्रीजचा धागा नक्की काढा.

कलम_सात

पेशाने वकील आहे. ऑट्रीचं नाव मला सिनेमामुळे नाही, खटल्यांमुळे माहीत झालं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली ठिणगी १९३८ सालची. रिपब्लिक कंपनी थिएटरमालकांना सांगायची, ऑट्रीचे चित्रपट हवे असतील तर आमचे बाकीचेही सगळे घ्या. म्हणजे त्याच्या नावावर कंपनीचा इतर माल खपणार, आणि त्याला त्यातलं काही नाही. ऑट्री कामावर आलाच नाही. कंपनीने कोर्टात धाव घेतली आणि त्याच्यासाठी लिहिलेला चित्रपट दुसऱ्याला दिला. तो दुसरा म्हणजे लेनर्ड स्लाय, ज्याचं नाव बदलून रॉय रॉजर्स केलं गेलं. काही महिन्यांनी तडजोड झाली, ऑट्री वाढीव पैशांवर परतला. पण येट्सच्या हाती आता दोन गाणारे काउबॉय होते.

दुसरी गोष्ट युद्धाची. २६ जुलै १९४२ रोजी ऑट्रीने आपल्या रेडिओ कार्यक्रमात, थेट प्रक्षेपणात, सैन्याची शपथ घेतली. रिपब्लिकला ते नको होतं. तो युद्धावर असताना कंपनीने रॉय रॉजर्सवर पैसा ओतला आणि त्याला 'काउबॉयांचा राजा' म्हणून मिरवलं. युद्ध संपल्यावर कंपनी म्हणाली, सैन्यातली वर्षं करारात धरायची नाहीत, उरलेले चित्रपट पूर्ण कर. ऑट्री म्हणाला, करार संपला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कुणालाही वैयक्तिक सेवेच्या करारात सात वर्षांपेक्षा जास्त बांधून ठेवता येत नाही. ऑलिव्हिया द हॅव्हिलँड या नटीने याच कायद्यावर वॉर्नर ब्रदर्सला हरवलं होतं, पण तिचा प्रश्न कंपनीने लावलेल्या निलंबनाच्या काळाचा होता. ऑट्रीच्या खटल्यात प्रश्न आला तो सैन्यातल्या वर्षांचा. १९४७मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑट्रीच्या बाजूने निकाल दिला. अपील चालू असताना ठरल्याप्रमाणे त्याने रिपब्लिकसाठी मोजके चित्रपट केले, आणि मग स्वतःची निर्मितीसंस्था काढून कोलंबियामार्फत वितरण सुरू केलं. आता चित्रपट त्याचे होते.

तिसरा खटला तो हरला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात शिकण्यासारखा आहे. १९५१च्या सुमारास रिपब्लिकने जुने चित्रपट टीव्हीला विकायचं ठरवलं. रॉजर्स आणि ऑट्री दोघांनीही वेगवेगळे दावे लावले. त्यांचं म्हणणं, चित्रपटाच्या मधे साबणाची जाहिरात लागली तर लोकांना वाटेल आम्हीच तो साबण विकतोय. खालच्या कोर्टात रॉजर्स जिंकला, ऑट्री हरला. १९५४मध्ये अपिलात दोघांचेही निकाल रिपब्लिकच्या बाजूने लागले. कारण करारांनुसार चित्रपटाचा मालक निर्माता होता.

आज ओटीटी आणि एआय आवाजाच्या करारांवर जे वाद चालू आहेत, त्यात हाच प्रश्न पुन्हा उभा आहे.

माळरान

कलम_सात, धाग्याला याच प्रतिसादाची गरज होती.

युद्धाबद्दल एक भर, आपल्याशी थेट संबंध असलेली. ऑट्रीला विमान चालवायचं होतं. सैन्याला त्याने गाऊन करमणूक करावी असं वाटत होतं. त्याने स्वतः तास भरून परवाना पक्का केला आणि १९४४मध्ये फ्लाइट ऑफिसर झाला. पुढे चीन-बर्मा-भारत आघाडीवर इंधन आणि सामान वाहणारी मालवाहू विमानं त्याने उडवली. आसाममधल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाची पूर्व टोकं ओलांडून कुनमिंगला जाणाऱ्या या मार्गाला वैमानिक 'हंप' म्हणत. हवामान भयानक, खाली जंगल, शेकडो विमानं तिथे पडली. पेट्रोलच्या टाक्या भरलेलं विमान त्या मार्गावर नेणं म्हणजे काय ते कुणीही समजू शकतं. देशातला चौथ्या क्रमांकाचा तारा तिथे होता.

पहाटवारा

हे माहीतच नव्हतं! माझे आजोबा त्या काळात दिब्रुगडच्या बाजूला नोकरीला होते, अमेरिकन सैनिक ग्रामोफोन लावून काउबॉय गाणी ऐकायचे असं सांगायचे.

निशिगंध

टीव्हीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

१९५० साली हॉलिवूड टीव्हीला शत्रू मानत होतं. स्टुडिओ आपल्या नटांना टीव्हीच्या आसपास फिरकू देत नसत. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'द जीन ऑट्री शो' सीबीएसवर सुरू झाला. चित्रपटात चलती असलेल्या मोठ्या ताऱ्याने स्वतःची मालिका काढण्याचं हे पहिलंच उदाहरण मानलं जातं. थिएटरमालक भडकले. गल्ल्यावर पैसे देऊन जो बघायचा तो घरात फुकट दिसायला लागला तर आमच्याकडे कोण येणार? त्यांची भीती खोटी नव्हती, लहान गावांतल्या टॉकीज पुढच्या काही वर्षांत बंद पडतच गेल्या. पण ऑट्रीने ओळखलं होतं की त्याचा प्रेक्षक म्हणजे मुलं, आणि मुलं आता टीव्हीपुढे बसणार.

१९५६पर्यंत ९१ भाग झाले. अर्ध्या तासाचा एकेक भाग, जोडीला पॅट बट्रम, घोडा चॅम्पियन, आणि प्रायोजक रिग्लीचं च्युइंगम, जे त्याच्या रेडिओवरच्या 'मेलडी रँच'लाही १९४०पासून होतं. बराचसा भाग पायोनियरटाउनला चित्रित झाला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चित्रीकरणासाठीच वसवलेलं गाव. मालिका त्याच्याच फ्लाइंग ए कंपनीची. आणि हीच कंपनी बाकीच्याही मालिका काढत होती. त्यांत 'ॲनी ओक्ली' मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेल डेव्हिस ही मुलगी घोड्यावर उभी राहून नेम धरायची. १९५४ साली टीव्हीवरच्या वेस्टर्नमध्ये बाई नायिका, आणि मुलींच्या एका पिढीने ती पाहिली. चॅम्पियन घोड्याचीही वेगळी मालिका होती.

माझी ऑट्रीशी ओळख मात्र शाळेतली. नाताळच्या कार्यक्रमात लाल नाकाच्या रेनडियरचं गाणं बसवायचे ना, ते १९४९ साली पहिल्यांदा गाजवलं ते याच माणसाने. मूळ गोष्ट १९३९ची, माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या साखळीसाठी रॉबर्ट मे या तिथल्याच कर्मचाऱ्याने लिहिलेली, मुलांना फुकट वाटायची पुस्तिका. मेचा मेव्हणा जॉनी मार्क्स याने चाल लावली. ऑट्रीला गाणं पोरकट वाटलं होतं, बायकोने, आयनाने, आग्रह धरला, असं तो स्वतः सांगायचा. इतर मुलांनी खेळात न घेतलेला रेनडियर तिच्या मनाला लागला होता. जानेवारी १९५०मध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी १९४७चं सांताक्लॉजचं गाणं तर त्याला हॉलिवूडच्या मिरवणुकीत घोड्यावरून जाताना सुचलं. मागून सांताची गाडी येत होती, आणि रस्त्यावरची मुलं ऑट्रीच्या पलीकडे बघून ओरडत होती, सांता आला, सांता आला.

सुरावट

निशिगंध, आयनाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. त्याच्या कारकिर्दीत तिच्या कानाला फार मोल आहे.

खुरटं_गवत

थोडा विरोधी सूर लावतो. रॉय रॉजर्स प्रत्येक बाबतीत सरस होता. सन्स ऑफ द पायोनियर्स या गायकगटातून आलेला, तिथे बॉब नोलनसारखा गीतकार आणि तीन आवाजांची ती घट्ट वीण. घोड्यावर बसणं, दिसणं, अभिनय, डेल इव्हान्सबरोबरची जोडी. ऑट्री पडद्यावर लाकडासारखा वाटतो. धंदा छान केला म्हणून कलाकार मोठा होत नाही.

माळरान

रॉजर्सचा गळा अधिक तयारीचा होता, मान्य. पण ऑट्रीच्या त्या अवघडलेपणातच मला त्याची ताकद दिसते. तो कुठलंही पात्र करत नाही. पडद्यावर त्याचं नाव जीन ऑट्रीच असतं, पेशा बहुतेक वेळा गायकाचाच. रेडिओवर रविवारी ऐकलेला माणूस शनिवारी टॉकीजमध्ये तसाच भेटतो. शिवाय रॉजर्सला पहिली संधी मिळाली ती ऑट्री कंपनीशी भांडला म्हणून, आणि ऑट्रीच्या आधी गाणारा काउबॉय हा प्रकार पडद्यावर चालतो हे कुणी सिद्ध केलं होतं? जॉन वेनला १९३३मध्ये दुसऱ्याच्या आवाजात ओठ हलवायला लावलं होतं, ते चाललं नाही.

दोघंही १९९८मध्येच गेले, रॉजर्स ६ जुलैला, ऑट्री २ ऑक्टोबरला, ९१व्या वर्षी.

ऑरेंजकाउंटीकर

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या तरुण मंडळींना ऑट्री माहीत आहे तो बेसबॉलमुळे. त्याचं केएमपीसी रेडिओ स्टेशन होतं. डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे हक्क हातचे गेले, म्हणून १९६०च्या डिसेंबरमध्ये नव्याने निघणाऱ्या संघाच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळतात का ते पाहायला तो बैठकीला गेला आणि संघाचाच मालक होऊन परतला. एंजल्स. २६ नंबरची जर्सी त्याच्या नावाने कायमची बाजूला ठेवली आहे, कारण त्या काळी संघात खेळाडू पंचवीस असत आणि सव्विसावा तो. वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, मात्र २००२मध्ये जिंकली, त्याच्यानंतर. जुन्या मंडळींना त्याची हळहळ अजून आहे.

केटीएलए हे टीव्ही केंद्र त्याने १९६४मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या आत घेतलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साडेचोवीस कोटींना विकलं. त्यानंतर ग्रिफिथ पार्कमध्ये १९८८ साली संग्रहालय उघडलं. मराठी मंडळाचे पाहुणे आले की मी तिथे नेतो. अनुराधाताईंनी विचारलेल्या प्रश्नासाठीही ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे पश्चिमेची गोष्ट आदिवासी, मेक्सिकन, चिनी अशा सगळ्यांच्या बाजूने मांडलेली आहे. आणि सुरावट यांनी लिहिलेली ती गिटार तिथल्याच संग्रहात आहे.

तारमास्तर

केटीएलएचा आकडा वाचून अवाक् झालो. आता मूळ लेखकाने सांगावं, नवख्याने कुठून सुरुवात करावी?

माळरान

तारमास्तर, आधी ऐका, मग बघा. १९३१चं बापावरचं गाणं, मग १९३९मध्ये रेकॉर्ड केलेलं, रे व्हिटली आणि त्याच्या नावावर असलेलं, पुन्हा खोगिरावर बसल्याचं ते गाणं, जे पुढे त्याची ओळखच झालं. दोन्हीत आठ वर्षांचं अंतर आहे, आणि सुरावट म्हणतात तो गळ्यातला बदल लगेच कळतो. नंतर 'फँटम एम्पायर'चा पहिला भाग.

पूर्ण चित्रपट निवडताना एक काळजी घ्या. रिपब्लिकने टीव्हीला विकताना तासाच्या चौकटीत बसवायला बरेचसे चित्रपट कापून ५३ मिनिटांचे केले, आणि कात्री पहिली चालली ती गाण्यांवर. इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी प्रती अजून त्याच आहेत. ऑट्रीने आपल्या चित्रपटांच्या प्रती जपून ठेवल्या होत्या, आणि त्याच्या कंपनीने पुढे ते मूळ लांबीत दुरुस्त करून बाहेर काढले. तेव्हा आधी लांबी बघा. ५३ मिनिटं असेल तर ती प्रत सोडा, पूर्ण शोधा.